रंग चढलेल्या चांदीच्या नाण्याचा ग्रेड आणि किंमत फोटोवरून कशी ठरवावी

चांदीच्या जुन्या रुपयावर निळा, जांभळा, सोनेरी रंग चढलेला असेल, तर फोटो पाहणाऱ्याची नजर आधी त्या रंगावरच खिळते. झीज, चरे, घासून गेलेली चमक या ज्या गोष्टींवर नाण्याची खरी किंमत ठरते, त्या मागे पडतात. पुण्यात आता नाण्यांचे बरेचसे व्यवहार प्रत्यक्ष भेटीआधी फोटोंवरच ठरतात. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी हाती घेतलेल्या नाण्याचाही फोटो घरी आल्यावर पुन्हा मागवला जातो आणि भाव त्यावर बोलला जातो. या लेखातल्या सगळ्या पद्धतीमागे एकच आग्रह आहे, तो म्हणजे रंग सर्वांत शेवटी पाहावा. आधी फोटो विश्वासार्ह आहे का ते तपासावे, मग नाणे नेमके ओळखावे, मग रंग नाहीच असे समजून ग्रेड, म्हणजे नाण्याच्या अवस्थेचा दर्जा, लावावा, आणि त्यानंतरच तो रंग अस्सल आहे का व त्यासाठी जादा पैसे द्यावेत का याचा विचार करावा. उदाहरणे बहुतेक ब्रिटिश भारताच्या चांदीच्या रुपयांची घेतली आहेत, कारण आपल्याकडे नव्या संग्राहकाच्या हाती प्रामुख्याने तेच येतात.

रंग येतो कुठून

हवेत अत्यल्प प्रमाणात असलेला हायड्रोजन सल्फाइड चांदीशी संयोग पावतो आणि नाण्याच्या पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर तयार होतो. हा थर इतका पातळ असतो की त्याची जाडी मिलिमीटरच्या काही लाखांश भागांत मोजावी लागते. प्रकाशाचा काही भाग थराच्या वरच्या पृष्ठावरून परततो, काही भाग थरातून आत जाऊन खालच्या चांदीवरून परततो, आणि या दोन किरणांच्या व्यतिकरणातून, म्हणजे ते एकमेकांत मिसळून काही रंग विझण्यातून आणि काही उठण्यातून, रंग दिसतो. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलच्या तवंगावर रंग दिसतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. म्हणजे नाण्यावर निळा रंग लागलेला नसतो. थराची जाडी निळा दाखवण्याइतकी झालेली असते.

यातूनच सर्वांत उपयोगी नियम निघतो. थर हळूहळू जाड होत जातो, त्यामुळे रंग एका ठरावीक क्रमाने येतात. पांढऱ्या चांदीवर आधी फिकट सोनेरी झाक येते, मग ती गडद होऊन मधाळ तपकिरी होते, त्यानंतर तांबूस-गुलाबी, मग जांभळा, मग गडद निळा, मग फिकट आकाशी. थर आणखी वाढला तर दुसरी फेरी सुरू होते. तीत पुन्हा पिवळा, पुन्हा गुलाबी आणि मग हिरवा येतो. शेवटी सगळे रंग विझून करडा आणि काळा उरतो. हा क्रम पाठ असावा, कारण बनावट रंग ओळखताना त्याच्याइतका भरवशाचा आधार फोटोत दुसरा नाही.

गंधकाचे स्रोत घरातच असतात. पुठ्ठा, हलक्या प्रतीचा कागद, लोकर, रबर आणि काही प्रकारचे लाकूड यांतून ते हळूहळू बाहेर पडते, आणि ओलाव्याने ही क्रिया वेगाने होते. जुन्या वाड्यांतल्या लाकडी कपाटांत, सुती बटव्यात किंवा कागदाच्या पुडीत अनेक पावसाळे काढलेल्या नाण्यांवर म्हणूनच रंग चढतो. नाणे कसे ठेवले होते त्याची खूण रंगात राहते. पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये असलेल्या नाण्यावर रंग कडेकडून मध्याकडे वलयांत सरकतो. एकमेकांवर रचलेल्या नाण्यांच्या गड्डीत कडा रंगते आणि मध्य पांढरा राहतो. कापडी पिशवीत दोन नाणी एकमेकांवर तिरकी पडली असतील, तर झाकलेल्या भागाची चंद्रकोर स्वच्छ उरते आणि उघड्या भागावर कधी कधी कापडाची वीणही उमटते. अमेरिकेत मॉर्गन डॉलर ही चांदीची जुनी नाणी हजार-हजारांच्या कापडी पिशव्यांत बँकांच्या तिजोऱ्यांत दशकानुदशके पडून होती. रंगीत नाण्यांना जादा किंमत देण्याची चाल तिथे रुजण्यात या डॉलरांचा वाटा मोठा आहे.

कोणते फोटो मागावेत

विकणाऱ्याने पाठवलेला पहिला फोटो हा नेहमी नाण्याची सर्वांत चांगली बाजू दाखवणारा असतो. व्यतिकरणाचा रंग कोनावर अवलंबून असल्यामुळे, हातात घेतल्यावर करडे वाटणारे नाणे एका विशिष्ट कोनात झळाळते आणि फोटो नेमका त्याच कोनात काढलेला असतो. यात फसवणूकच असते असे नाही, पण खरेदीदाराला उरलेले कोनही पाहता आले पाहिजेत. म्हणून नम्रपणे, पण स्पष्ट शब्दांत मागणी करावी. दोन्ही बाजूंचे फोटो खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, साध्या पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेले असावेत. नाणे प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढलेले असावे. काठाचा फोटो वेगळा असावा. डिजिटल काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो असावा, ज्यात वजन दोन दशांश स्थळांपर्यंत दिसेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नाणे दिव्याखाली हळूहळू तिरके करत काढलेला दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ असावा.

व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या रीतीने पाठवला तर तो दाबला जातो आणि बारीक चरे पुसून जातात. म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे. हे सगळे देण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्या नाण्यावर रंगाचे जादा पैसे लावू नयेत. नाणे वाईट असेलच असे नाही, परंतु फोटोवरून निर्णय घेण्याइतका पुरावा आपल्या हाती आलेला नसतो.

फोटोचीच परीक्षा

आता नाण्याकडे न पाहता फोटोकडे पाहावे. पांढरा कागद पांढरा दिसतो का? तो पिवळसर असेल तर सोनेरी झाक दिव्याची असू शकते, निळसर असेल तर निळा रंग वाढवलेला आहे. नाणे धरणाऱ्या बोटांचा रंग माणसाच्या कातडीसारखा आहे की नारिंगी? नाणे स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेड देणाऱ्या कंपनीने सीलबंद केलेल्या प्लास्टिकच्या डबीत, असेल तर लेबलचा पांढरा भाग आणि छपाईचा रंग हा उत्तम मोजदंड असतो, कारण त्याच कंपनीचे लेबल इतरत्र कसे दिसते ते आपल्याला ताडून पाहता येते. अनेक मोबाइल आपणहून रंग भडक करतात, त्यामुळे विकणाऱ्याने मुद्दाम काही केले नसले तरी फोटो खोटा ठरू शकतो. त्याच विक्रेत्याच्या दहा-बारा इतर नाण्यांचे फोटो पाहावेत; सगळीच नाणी निळी-जांभळी असतील तर दोष कॅमेऱ्याचा आहे किंवा हेतूचा आहे.

पार्श्वभूमी कापून नाणे काळ्या रंगावर बसवलेले असेल तर हे सगळे पुरावे नाहीसे होतात. असा फोटो जाहिरातीला शोभतो, परीक्षेला चालत नाही. दोन फोटोंत एकच नाणे आहे ना, हेही पाहून घ्यावे. त्यासाठी एखादी ठळक खूण, गालावरचा चरा किंवा कडेवरचा ठोका दोन्हींत त्याच जागी आहे का ते तपासावे.

नाणे ओळखणे

वर्ष, टांकसाळ आणि प्रकार पक्के झाल्याशिवाय किमतीची चर्चा निरर्थक आहे. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८६२ पासून ‘क्वीन’ आणि १८७७ पासून ‘एम्प्रेस’ असे लिहिलेले आहे. १८६२ हे साल पुढेही काही वर्षे तसेच छापले गेले आणि त्यातले प्रकार मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांवरून वेगळे करावे लागतात, तेव्हा गडद रंगाने ते ठिपके झाकले असतील तर त्या भागाचा मोठा फोटो मागावा. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मुंबई टांकसाळीची खूण म्हणजे मागच्या बाजूला खालच्या फुलाजवळ असलेला एक बारीक उठावदार बिंदू. तोही रंगात हरवतो. १९११ च्या रुपयावरील राजाच्या वस्त्रातला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाली आणि पुढच्या वर्षी त्याचे चित्र सुधारले गेले, त्यामुळे १९११ चे नाणे साध्या अवस्थेतही अधिक मागणीचे असते. १९३९ चा रुपया दुर्मिळ आहे. अशा सालाच्या नाण्यात आकडा खोदून बदललेला नाही ना, हे त्याभोवतीच्या रंगावरून बऱ्याचदा कळते, कारण छेडछाड झालेल्या जागी रंग तुटलेला किंवा वेगळा दिसतो.

वजनाने धातूची खात्री होते. १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के चांदीचा आहे. १९४० ते १९४५ या काळातील रुपयात चांदी ५० टक्के असून उरलेल्या भागात तांबे, निकेल आणि जस्त आहे. या दुसऱ्या प्रकारात तांबे भरपूर असल्यामुळे रंग बहुधा मळकट तपकिरी किंवा करडा येतो. त्यावर स्वच्छ इंद्रधनुष्य दिसले तर अधिक कडक तपासणी करावी. १९४७ चा रुपया निकेलचा आहे, त्याला चांदीचे नियम लागूच पडत नाहीत.

रंग काढून ग्रेड लावणे

आता फोटो मोबाइलवरच्या साध्या संपादन-सोयीने कृष्णधवल करावा. ही एक कृती पुष्कळ भ्रम दूर करते, कारण रंगाचे आकर्षण गेले की उठावाची उंची, झिजलेले सपाट भाग आणि चरे जसे आहेत तसे दिसू लागतात. गडद निळ्या पट्ट्याची जागा कृष्णधवल फोटोत काळपट दिसेल, ती झीज नाही हे ध्यानात ठेवून मूळ रंगीत फोटो शेजारी उघडा ठेवावा.

ग्रेडची आज रूढ असलेली १ ते ७० ही श्रेणी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी मांडली. पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या ग्रेड देणाऱ्या अमेरिकी कंपन्यांनी ती सीलबंद नाण्यांसाठी जगभर रुळवली. तीत ६० ते ७० ही न वापरलेल्या नाण्यांची, म्हणजे एमएस अवस्था. ५० ते ५८ ही किंचित वापरलेली, म्हणजे एयू. ४० ते ४५ ही त्याहून अधिक झिजलेली, म्हणजे एक्सएफ. २० ते ३५ ही आणखी झिजलेली, म्हणजे व्हीएफ. आपल्याकडचे विक्रेते फोटोखाली नुसते ‘यूएनसी’ (अनसर्क्युलेटेड, म्हणजे न वापरलेले) लिहितात, आणि एयू ५८ व एमएस ६३ या दोन्हींना तो एकच शब्द लावला जातो. किमतीतला मोठा फरक नेमका तिथेच दडलेला असतो.

झीज प्रथम सर्वांत उंच भागांवर येते, म्हणून प्रत्येक प्रकाराच्या उंच जागा माहीत हव्यात. व्हिक्टोरियाच्या रुपयावर कानावरचे केस, गाल आणि वस्त्रावरील भरतकाम पाहावे. सातव्या एडवर्डचे मस्तक उघडे आहे, तेव्हा कानाच्या वरचे केस, दाढी आणि कानाची पाळी पाहावी. पाचव्या जॉर्जच्या बाबतीत मुकुटाचा पट्टा, भुवई, मिशा, कान आणि वस्त्रावरचा हत्ती. सहाव्या जॉर्जच्या बाबतीत मुकुटाचा मध्य, भुवई आणि कान.

रंगीत नाण्यावर झीज ओळखण्याची एक खास खूण आहे. न वापरलेल्या नाण्यावर रंग उंच भागावरही अखंड चढतो आणि खालच्या चमकेमुळे तिथेही जिवंत दिसतो. नाणे थोडे वापरून मग ठेवून दिलेले असेल तर उंच भागावरची मूळ चमक आधीच गेलेली असते, आणि त्यावर चढलेला रंग करडा, निस्तेज, मातकट दिसतो. भोवती निळा-सोनेरी झगमगाट आणि गालावर राखी डाग. हा डाग म्हणजे एयू आणि एमएस यांमधली सीमारेषा. मात्र उंच भाग ठळक उमटलाच नसेल, म्हणजे टांकसाळीत छाप कच्ची बसली असेल, तर तो सपाट असूनही चमक टिकवून असतो. हा फरक स्थिर फोटोत जवळजवळ कधीच सुटत नाही. त्यासाठी व्हिडिओच पाहावा लागतो.

व्हिडिओत पाहायची गोष्ट म्हणजे चमकेचा पट्टा. टांकसाळीत धातू साच्यात दाबला जाताना केंद्राकडून कडेकडे वाहतो आणि त्या प्रवाहाच्या अतिसूक्ष्म रेषा नाण्यावर राहतात. नाणे तिरके करताच या रेषांवरून प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. अस्सल चमकेवर रंग चढला असेल तर हा पट्टा रंगातून अडथळ्याविना सरकतो आणि तो जाईल तिथला रंग उजळतो. पट्टा उंच भागाशी तुटत असेल तर झीज आहे. पट्टा कुठेच दिसत नसेल, सगळे नाणे एकसारखे मंद किंवा एकसारखे चकचकीत दिसत असेल, तर मूळ पृष्ठभाग गेलेला आहे, मग रंग कितीही सुंदर असो.

न झिजलेल्या नाण्यांत पुढचा ग्रेड ठोक्यांवर ठरतो. गाल आणि मोकळा पृष्ठभाग या सर्वांत उघड्या जागा; तिथला एक ठसठशीत ओरखडा केसांत लपलेल्या पाच खुणांपेक्षा अधिक गुण खातो. गडद रंग असे ओरखडे झाकतो, त्यामुळे फोटोवरून एकच आकडा सांगण्याच्या मोहात पडू नये. स्वच्छ, फिकट रंगाच्या नाण्याला दोन अंकांचा पल्ला द्यावा, उदाहरणार्थ एमएस ६२ ते ६४; गडद रंगाच्या नाण्याला तीन-चार अंकांचा द्यावा. किंमत ठरवताना पल्ल्याचे खालचे टोक धरावे. माझ्या मते या एका शिस्तीने जेवढे पैसे वाचतात, तेवढे इतर कोणत्याही युक्तीने वाचत नाहीत.

पेशवाईतल्या नाण्यांना ही श्रेणी जशीच्या तशी लावू नये. पुण्याच्या टांकसाळीतला अंकुशी रुपया हाताने ठोकलेला आहे, साचा नाण्यापेक्षा मोठा आहे, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर लेखाचा वेगवेगळा भाग येतो. तिथे अंकुशाची खूण, टांकसाळीचे नाव आणि साल किती दिसते आणि सराफी छाप, म्हणजे सराफांनी पारख करून ठोकलेल्या खुणा, किती आहेत यांवर किंमत ठरते. रंगाचा प्रभाव जवळजवळ नाही, फक्त सरळ करडा जुना थर असणे हे न घासल्याचे चिन्ह म्हणून चांगले मानले जाते.

घासलेले, झाळलेले, पुन्हा रंगवलेले

महाराष्ट्रात चांदीचा रुपया पूजेत असतो. लक्ष्मीपूजनाच्या आधी तो चिंच, लिंबू, राख, रांगोळी किंवा दंतमंजन लावून घासण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि घरातून निघालेल्या बहुसंख्य रुपयांवर तिची खूण असते. घासल्याने मोकळ्या पृष्ठभागावर बारीक चरे पडतात, बऱ्याचदा एकाच दिशेने. नंतर नाणे कपाटात गेले की त्या चऱ्यांवर पुन्हा सल्फाइड चढते, आणि वीस-तीस वर्षांनी ते रंगीत नाणे म्हणून बाजारात येते. कृष्णधवल फोटोत प्रकाश तिरका असताना हे चरे रंगाच्या खालून समांतर दिसतात. दुसरी खूण अक्षरांभोवती असते. घासणारा हात अक्षरांच्या खोबणीत पोहोचत नाही, म्हणून तिथे जुना काळा थर राहतो आणि मोकळ्या भागावर नवा, एकसारखा निळा-करडा रंग दिसतो. ग्रेड देणाऱ्या कंपन्या अशा नाण्याला आकडा न देता ‘डिटेल्स’ असा शेरा देतात, आणि त्याची किंमत त्याच झिजेच्या न घासलेल्या नाण्यापेक्षा पुष्कळ कमी होते.

पूजेचीच दुसरी खूण म्हणजे हळद-कुंकू. हळदीचा पिवळा अंश खोबणीत बसतो आणि फोटोत सोनेरी टोनिंगचा, म्हणजे नैसर्गिकपणे चढलेल्या रंगाचा, भास होतो. पण तो अक्षरांच्या आणि नक्षीच्या आत साचलेला असतो, मोकळ्या भागावर पसरत जात नाही, चमक झाकतो, आणि त्याच्या शेजारी क्रमातला पुढचा रंग नसतो. कुंकवाची लाली मुकुटाच्या रत्नांत आणि अंकांच्या पोटात सापडते.

काठाचा फोटो मागण्याचे मुख्य कारण दागिने आहे. रुपयाला कडी झाळून माळेत ओवण्याची पद्धत होती. कडी काढून टाकली तरी बारा वाजण्याच्या जागी काठाचे दाते बुजलेले, भरलेले किंवा नव्याने कानशीने कोरलेले दिसतात, आणि उष्णतेमुळे त्या जागेभोवती रंगाचा वेगळा डाग असतो. दर्शनी फोटोत तो डाग सुंदर निळा दिसू शकतो. रंग फक्त वरच्या टोकाशी असेल आणि वजन ११.६६ ग्रॅमपासून लक्षणीय दूर असेल, तर झाळकामाची शंका घ्यावी.

आता मुद्दाम चढवलेला रंग. गंधकाचे द्रावण, वाफ किंवा थेट ज्योत वापरून काही तासांत रंग आणता येतो. त्याची पहिली ओळख म्हणजे क्रम तुटणे. पांढऱ्या चांदीला लागून एकदम गडद निळा आला, मध्ये सोनेरी आणि तांबूस पायऱ्या नाहीत. किंवा हिरवा रंग दुसऱ्या फेरीच्या आधीच उगवला. असे असेल तर थर नैसर्गिक गतीने वाढलेला नाही. दुसरी ओळख म्हणजे रंगाचे ओघळ, थेंबांच्या कडा आणि डबकी, जी नाण्याच्या रचनेशी किंवा साठवणुकीच्या कोणत्याही कल्पनीय रीतीशी जुळत नाहीत. तिसरी ओळख चऱ्यांत सापडते. नाण्यावरचे जुने ओरखडे आणि त्यांच्याभोवतीचा भाग एकाच रंगाचे, एकाच वयाचे असतील तर सगळा रंग ओरखड्यांनंतर आलेला आहे, आणि झिजलेल्या व्हीएफ नाण्यावर भडक, एकसंध इंद्रधनुष्य असेल तर ते बहुधा हल्लीचे आहे. दोन कोनांतल्या फोटोंत रंग जराही बदलत नसेल तर शाई किंवा वार्निश असण्याची शक्यता आहे. मात्र रसायनाने चढवलेला सल्फाइडचा थर कोनानुसार बदलतोच, म्हणून ही कसोटी एकटी पुरेशी नाही. अक्षरांपाशी दिसणारा चिकट हिरवा पदार्थ हे टोनिंग नसून जुन्या पीव्हीसी पाकिटाचा परिणाम असतो, आणि तो धातूला खातो.

तांब्याच्या नाण्यांबद्दल थोडक्यात एवढेच की तिथे किंमत मूळ लाल रंग किती उरला यावर असते आणि लाल, लाल-तपकिरी, तपकिरी असे तीन वर्ग मानले जातात. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत तपकिरी पाव आणाही लाल भासतो, त्यामुळे पांढऱ्या कागदाची परीक्षा इथे दुप्पट काटेकोर हवी.

किंमत

किमतीला तीन मजले असतात. तळाशी चांदी आहे. ११.६६ ग्रॅमच्या जुन्या रुपयात शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम भरते, १९४० ते १९४५ च्या रुपयात ५.८३ ग्रॅम. हिशेबासाठी चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरला, तर पहिल्याचे धातुमूल्य सुमारे १,०६९ रुपये आणि दुसऱ्याचे ५८३ रुपये होते. त्या दिवशीचा भाव लक्ष्मी रस्त्यावरच्या कोणत्याही सराफाकडे विचारून आकडा बदलून घ्यावा. दुसरा मजला म्हणजे तेच साल, तीच टांकसाळ, तोच ग्रेड असलेल्या, रंग नसलेल्या नाण्याची बाजारातली किंमत. तिसरा मजला रंगाचा, आणि तो दुसऱ्याच्या आधाराशिवाय उभा करू नये.

दुसरा आकडा शोधताना विक्रेत्यांनी सांगितलेल्या किमती सोडून प्रत्यक्ष झालेल्या विक्रीच्या किमती पाहाव्यात. मुंबईचे टोडीवाला, अहमदाबादचे क्लासिकल न्युमिस्मॅटिक गॅलरी, बंगळुरूचे मरुधर आर्ट्स यांसारख्या लिलावगृहांच्या कॅटलॉगांवरून आणि निकालांवरून तुलना करता येते. बोली जिथे थांबली त्या आकड्यावर लिलावगृहाचे कमिशन आणि कर चढतात, ते मिळवूनच तुलना करावी. साध्या नाण्याला लाखो रुपये मिळतात अशा जाहिरातींना या हिशेबात स्थान नाही. रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२१ मध्ये आपले नाव वापरून जुन्या नाणी-नोटांच्या खरेदीविक्रीसाठी पैसे उकळणाऱ्यांपासून सावध राहण्याची सूचना जाहीर केली होती.

आता एक उदाहरण पूर्ण करू. १९१८ चा पाचव्या जॉर्जचा रुपया आहे, वजन काट्यावर ११.६५ ग्रॅम दिसते, कडेला सोनेरी, आत तांबूस आणि मग जांभळा-निळा असा रंग मध्याकडे सरकत आहे. म्हणजे कड सर्वांत कमी रंगलेली आणि मध्य सर्वांत जास्त रंगलेला, हे अल्बमच्या नेहमीच्या रचनेच्या उलट झाले. तेवढ्याने नाणे बाद होत नाही, कारण कड झाकणाऱ्या आणि मध्य उघडा ठेवणाऱ्या चौकटीत असे घडू शकते. पण विक्रेत्याला नाणे कशात ठेवले होते हे विचारण्याचे कारण मिळते. कृष्णधवल फोटोत हत्तीचे कान आणि मुकुटाचा पट्टा स्पष्ट आहेत, गालावर दोन ठोके आहेत, व्हिडिओत पट्टा गालावरून न तुटता जातो. पल्ला एमएस ६१ ते ६३. खालचे टोक ६१. १९१८ चा रुपया प्रचंड संख्येने निघाला आणि मुबलक मिळतो, त्यामुळे ६१ ग्रेडच्या साध्या नाण्याची किंमत धातुमूल्याहून फार दूर नसते. रंग क्रमाने आहे, चमक खाली जिवंत आहे, तेव्हा थोडे जादा देता येईल. किती? मी पाळतो तो नियम असा आहे की फोटोवरून घेताना अस्सल, आकर्षक रंगासाठी एका पायरीने वरच्या ग्रेडच्या साध्या नाण्याच्या किमतीपेक्षा अधिक देऊ नये. म्हणजे इथे ६२ च्या किमतीपर्यंत. प्रत्यक्ष हातात घेऊन खात्री झाल्यावर दोन पायऱ्यांचा विचार करता येतो. साधा करडा किंवा सपाट तपकिरी थर असेल तर जादा काहीही देऊ नये, आणि रंग काळा होऊन चमक गिळत असेल तर उलट किंमत कमी करावी, कारण तसे नाणे विकताना पुढचा खरेदीदारही तेच करणार आहे.

मॉर्गन डॉलरच्या रंगीत नाण्यांना अमेरिकेत मिळालेल्या मोठ्या किमतींचे दाखले देऊन आपल्याकडे रुपयाची किंमत वाढवण्याचा प्रयत्न होतो. तिथे रंगासाठी स्पर्धा करणारे ग्राहक मोठ्या संख्येने आहेत, आपल्याकडे हा वर्ग अजून लहान आहे, आणि किंमत ग्राहकांच्या संख्येवर ठरते. त्यामुळे तो दाखला ऐकून घ्यावा आणि बोली मात्र भारतीय लिलावांच्या निकालांवर ठरवावी.

स्लॅब आणि कायदा

नाणे सीलबंद असेल तर प्रमाणपत्राचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा, आणि तिथे फोटो उपलब्ध असेल तर ठोके जुळतात का ते तपासावे. बनावट स्लॅबवर अस्सल क्रमांक छापलेले आढळले आहेत. स्लॅबमधला आकडा दिल्यानंतरही रंग पुढे गडद होऊ शकतो, म्हणून फोटो जुना आहे का ते विचारावे. स्वतः नाणे ग्रेडिंगला परदेशी पाठवण्याआधी १९७२ चा पुरावस्तूविषयक कायदा वाचून घ्यावा. शंभर वर्षे किंवा त्याहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीने ते देशाबाहेर पाठवणे बेकायदेशीर आहे. वरच्या उदाहरणातला १९१८ चा रुपयाही आता त्यातच मोडतो.

नाणे हाती आल्यावर

सौदा करतानाच परत करण्याची मुदत लेखी ठरवून घ्यावी; तीन दिवस पुरेसे असतात. पुण्यात नाण्यांची प्रदर्शने भरतात आणि तिथे शेजारी शेजारी ठेवलेली दहा-वीस रंगीत नाणी तिरकी करून पाहता येतात. फोटोत काय हरवते ते शिकण्याची याहून चांगली सोय नाही. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढावा. नाणे काठाने धरावे, त्याच प्रकारच्या खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून स्वतःचा फोटो घ्यावा आणि विक्रेत्याच्या फोटोशेजारी ठेवून ठोके जुळवावेत. मग वजन करावे, एका दिव्याखाली तिरके करून चमकेचा पट्टा पाहावा, दहापट भिंगातून गाल, मोकळा भाग आणि बारा वाजण्याच्या जागचा काठ तपासावा, आणि नाणे नाकाजवळ धरावे, कारण ताज्या रसायनाचा उग्र वास काही आठवडे टिकतो. आपण फोटोवरून दिलेला पल्ला आणि हातात घेतल्यावर दिलेला ग्रेड, दोन्ही एका वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. नाणे परत करायचे असेल तर ते मुदतीत, आलेल्या अवस्थेत, न पुसता परत जायला हवे.